१९९१ च्या रकान्यात शून्य कसं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या अर्थपानावर चालू खात्याच्या तुटीवर अधूनमधून जे लेख येतात ते मी नेमाने वाचतो, बँकेच्या फॉरेक्स खात्यात उभी हयात गेली त्यामुळे ती सवयच लागलीय. मागे एका लेखात एक वाक्य होतं की तूट जीडीपीच्या अडीच टक्क्यांच्या खाली आहे, मॉडेल्स काही धोका दाखवत नाहीत, तेव्हा काळजीचं कारण नाही. आता मॉडेल्स म्हणजे कुठली, ती काय मोजतात, कशाला धोका म्हणतात, याबद्दल लेखात एक अक्षर नव्हतं. तेव्हा पत्र लिहायचं मनात आलं होतं पण आळस केला. मग गणपतीत भाचा घरी आला आणि विषय परत निघाला.

भाचा पुण्यात स्टॅटिस्टिक्समध्ये एम.एस्सी. करतोय. त्याचा प्रोजेक्ट हाच, विकसनशील देशांमध्ये चालू खात्याची तूट अचानक कधी आक्रसते, ज्याला रिव्हर्सल म्हणतात, त्याचा आधी अंदाज बांधता येतो का. आरती झाली, मोदक झाले, मग त्याने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, मामा, ९४ टक्के अ‍ॅक्युरसी आलीय. मी म्हटलं वा, आणि सहज म्हटलं, आपला देश दाखव जरा. त्याने भारताची ओळ काढली. प्रत्येक वर्षासमोर एक रकाना, रिव्हर्सल झालं असेल तर १, नाही तर ०. मी चष्मा लावून बघतोय तर १९९१ समोर शून्य. २०१३ समोर शून्य. अख्ख्या ओळीत एकसुद्धा १ नाही!

मला आधी वाटलं पोराचं काहीतरी चुकलंय. पण तसं नव्हतं, पोराने व्याख्या पुस्तकाप्रमाणेच लावली होती.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. देशाने बाहेर माल आणि सेवा विकून, परदेशातल्या आपल्या माणसांनी घरी पाठवून, जे डॉलर कमावले आणि आयात, व्याज वगैरेवर जे घालवले त्यातला फरक म्हणजे चालू खातं. तूट म्हणजे कमाईपेक्षा खर्च जास्त, आणि तेवढे डॉलर कोणीतरी बाहेरचा माणूस आपल्याला देतोय, कर्ज म्हणून किंवा गुंतवणूक म्हणून. वाण्याकडच्या वहीसारखं आहे हे, जोपर्यंत वाणी लिहून घेतोय तोपर्यंत घरात सगळं येतं, आणि ज्या दिवशी तो म्हणतो आधी मागचं द्या त्या दिवशी घरखर्च एका फटक्यात कमी होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल काय काटकसरी कुटुंब झालं हो हे! तूट कमी होते ती अशीसुद्धा, आणि शहाणपणाने हळूहळू निर्यात वाढवूनसुद्धा, आणि एखादा तेल विकणारा देश असेल तर तेलाचा भाव चढला म्हणून काही न करतासुद्धा. मॉडेलमध्ये मात्र तिघांच्याही रकान्यात १ च लिहिला जातो. हे मला आधीपासून खटकत आलंय, पण आज मुद्दा तो नाही.

आज मुद्दा व्याख्येचा. या विषयातलं बहुतेकांना माहीत असलेलं काम मिलेसी-फेरेट्टी आणि रझिन या दोन अर्थतज्ज्ञांचं, १९९८ च्या सुमाराचं, त्यांनी शंभराहून जास्त गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचे १९७० पासूनचे आकडे घेतले. त्यांची व्याख्या साधारण अशी की आधीच्या तीन वर्षांची सरासरी तूट आणि नंतरच्या तीन वर्षांची सरासरी तूट यात जीडीपीच्या निदान ३ टक्के अंकांचा फरक पडला पाहिजे, कडक माप लावायचं तर ५ चा. शिवाय आणखी एकदोन अटी आहेत, म्हणजे नुसता एका वर्षाचा झटका येऊन गेला तर तो धरायचा नाही. हेतू चांगला आहे. मग मागच्या वर्षीची तूट, परकीय गंगाजळी म्हणजे देशाने साठवलेले डॉलर, आयात-निर्यातीच्या भावांचं गुणोत्तर, अमेरिकेतले व्याजदर, श्रीमंत देशांची वाढ असे बरेच घटक घेऊन प्रॉबिट लावायचं, म्हणजे हो-नाही अशा घटनेची शक्यता काढणारं संख्याशास्त्रातलं सूत्र, की पुढच्या वर्षी १ येण्याची शक्यता किती.

आता १९९०-९१ ला आपली तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांच्या आसपास होती, १९९१-९२ ला ती ०.३ वर आली. म्हणजे एका वर्षात जवळजवळ सगळी तूट साफ. पण तीन वर्षांची सरासरी घ्या, आधीची पावणेतीनच्या आसपास येते आणि नंतरची एकच्या आसपास, फरक पडला दोन अंकांचा. तीन पाहिजेत, दोन आहेत, म्हणजे शून्य. खेळ खलास.

मी तेव्हा फोर्टात होतो, एलसीच्या काउंटरला, एलसी म्हणजे आयात करणाऱ्याच्या वतीने बँक परदेशी विक्रेत्याला पैशांची हमी देते ते पत्र. रिझर्व्ह बँक आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दाम कुवेतमध्ये घुसला, तेल भडकलं, आणि आखातातून येणारे पैसे आटले, माझा एक वर्गमित्र रत्नागिरीकडचा, तो कुवेतमधून अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने एक पिशवी घेऊन परत आला, तसे १ लाख ७० हजारांच्या आसपास लोक तेव्हा आणले. अनिवासी भारतीयांनी ठेवी काढायला सुरुवात केली. आणि आमच्या काउंटरवर काय झालं तर आयातीवर कॅश मार्जिन लागलं, ते वाढत वाढत २०० टक्क्यांवर गेलं. म्हणजे एक लाखाचा माल बाहेरून मागवायचा तर बँकेत आधी दोन लाख रोख ठेवा मग एलसी उघडू. एक रंगद्रव्यांचा व्यापारी होता, मशीद बंदरला गाळा, दर महिन्याला यायचा, फाइलला लाल नाडी बांधलेली असायची. सर्क्युलर त्याला वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला साहेब पुन्हा एकदा वाचा. मी पुन्हा वाचलं. त्याने नाडी बांधली आणि फाइल परत घेऊन गेला. पुढे जवळजवळ वर्षभर तो काउंटरला दिसला नाही. त्याच्यावर चालणारे भिवंडीतले दोन छोटे डाइंगवाले होते, त्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही.

याला अर्थशास्त्रात आयात-संकोच म्हणतात. तूट ३ वरून ०.३ वर आली ती अशी, लाल नाडीच्या फायली परत पाठवून. त्या वर्षी देशाची वाढ सव्वा-दीड टक्क्यावर आली. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं बाहेर गेलं, जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं ४७ टनांच्या आसपास सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण पडलं, त्यातून ४० कोटी डॉलरच्या आसपास मिळाले. १ आणि ३ जुलैला दोन टप्प्यांत रुपया खाली आणला, २१ रुपयांचा डॉलर २६ च्या घरात गेला. गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. आणि हे सगळं भाच्याच्या शीटमध्ये शून्य.

बरं २०१३ चं घ्या. २०१२-१३ ला तूट ४.८ टक्के, डॉलरमध्ये ८८ अब्जांच्या आसपास, आपल्या इतिहासातली मोठीच. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख बर्नान्के नुसतं म्हणाले की रोखे खरेदी हळूहळू कमी करू, आणि पैसे बाहेर पळायला लागले, २८ ऑगस्टला रुपया ६८ च्या पार गेला, ब्राझील, इंडोनेशिया, तुर्कस्तान आणि दक्षिण आफ्रिकेबरोबर आपल्यालाही नाजूक पाचांत बसवलं. सरकारने सोन्यावरचं आयात शुल्क वाढवत वाढवत १० टक्क्यांवर नेलं, शिवाय आयात केलेल्या सोन्यातलं २० टक्के निर्यातीसाठी वेगळं काढा असा नियम आला. आमच्याकडे त्या वर्षी पुतणीचं लग्न होतं, सराफ म्हणाला भाव हा, आणि त्यावर प्रीमियम हा वेगळा, वहिनींनी पाटल्यांचं वजन कमी केलं आणि घरातली जुनी वेढणी मोडली. देशाची सोन्याची आयात कशी कमी झाली ते मला त्या दिवशी सराफाच्या काट्यावर दिसलं. मग रिझर्व्ह बँकेत गव्हर्नर म्हणून रघुराम राजन आले, एफसीएनआर म्हणजे अनिवासी भारतीयांच्या परकीय चलनातल्या ठेवी, त्यांचे डॉलर बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे सवलतीत बदलून घ्यायची, म्हणजे स्वॅपची, सोय केली, त्यातून २६ अब्ज डॉलर आले, वर्षअखेर तूट १.७ वर. एका वर्षात ३.१ अंकांचा फरक. पण तीन-तीन वर्षांच्या सरासरीने? आधीची ३.९, नंतरची १.४, फरक अडीच. पुन्हा शून्य.

मजा अशी की व्याख्या बदलून एका वर्षात ३ अंक अशी केली, तशीही वापरतात, सेबॅस्टियन एडवर्ड्स यांनी वापरलीय, तर २०१३ चं १ होतं, आणि १९९१ मात्र तरीही शून्यच राहतं कारण मुळात तूटच ३ टक्क्यांची होती, ती ३ अंकांनी कमी व्हायची तर पार शून्यावर किंवा शिलकीत जायला हवं होतं. म्हणजे ज्या वर्षी सोनं गहाण पडलं ते वर्ष दोन्ही चाळण्यांतून खाली पडतं, आणि ज्या वर्षी पाटल्या हलक्या झाल्या ते एका चाळणीत अडकतं. आता सांगा, मॉडेल म्हणतंय धोका नाही याचा अर्थ काय घ्यायचा?

यात कोणाची लबाडी नाही हे मी मुद्दाम लिहितो, कारण पत्र वाचून कोणीतरी म्हणेल की पाश्चात्त्यांनी भारताला वगळलं वगैरे. तसं काही नाही. ही व्याख्या थायलंडसारख्या देशांवर चपखल बसते. तिथे १९९६ ला तूट ८ टक्क्यांच्या आसपास होती, २ जुलै १९९७ ला बाथ या चलनाचा बांधून ठेवलेला भाव सोडून दिला, आणि १९९८ ला १२ टक्क्यांच्या वर शिल्लक. वीस अंकांची कोलांटी! मेक्सिकोत डिसेंबर १९९४ मध्ये पेसो कोसळला, वर्षाची तूट ३० अब्ज डॉलरच्या घरात होती, ती पुढच्या वर्षी दीड अब्जावर आली. छोट्या, उघड्या अर्थव्यवस्थेत आयात-निर्यात जीडीपीच्या मानाने प्रचंड असते, त्यामुळे झटका बसला की अंकही मोठे हलतात. १९९१ चा भारत जवळजवळ बंद घर होतं, खिडकीच छोटी, त्यामुळे घरात कितीही धूर झाला तरी बाहेर थोडाच दिसणार. सगळ्या देशांना एकच ३ अंकांची फूटपट्टी लावली की असं होतं, आणि त्याला पर्याय म्हणून प्रत्येक देशाच्या स्वतःच्या चढउताराच्या मानाने पट्टी लावणं हेही करून बघता येतं, भाचा आता तेच करतोय.

आता त्या ९४ टक्क्यांचं. मी त्याला विचारलं तुझ्या शीटमध्ये शंभर रकान्यांत १ किती? म्हणाला सहा-एक असतील. मग मी म्हटलं लॅपटॉप बंद कर, कुठल्याही देशाचं कुठलंही वर्ष विचार, मी डोळे मिटून "काही होणार नाही" म्हणतो, माझीही अ‍ॅक्युरसी ९४. पोरगा हसला पण जरा कसनुसा हसला. दुर्मिळ घटनेच्या मॉडेलमध्ये एकूण बरोबर किती याला अर्थ नसतो, खऱ्या १ पैकी किती पकडले आणि घंटा वाजवली त्यातल्या किती वेळा उगाच वाजवली हे दोन आकडे बघायचे असतात. आणि घंटा कधी वाजवायची, शक्यता ५० टक्के झाल्यावर की १५ टक्के झाल्यावर, हा तर निर्णय आहे, संख्याशास्त्र तो घेत नाही, तो घ्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेला उगाच वाजलेली घंटा परवडेल, न वाजलेली परवडणार नाही. रोख्यांत पैसे लावणाऱ्याचं कदाचित उलट.

हे महाराष्ट्राला नवीन नाही खरं तर. शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांचं सोळा घटकांचं मान्सूनचं मॉडेल आठवत असेल, १९८८ पासून हवामान खातं ते वापरत होतं. नंतर सलग तेरा-चौदा वर्षं मोठा दुष्काळ पडलाच नाही, आणि मॉडेलही दरवर्षी सर्वसाधारण म्हणत राहिलं, सगळे खूश. २००२ ला अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के, पडला ८१, जुलै तर निम्मा कोरडा गेला. गोवारीकरांबद्दल मला अतोनात आदर आहे, त्यांनी निदान मॉडेल सगळ्यांसमोर मांडलं होतं, पण दुष्काळच न पडलेल्या काळात दुष्काळाच्या मॉडेलची परीक्षा होत नसते. चालू खात्याचंही तसंच, आशियाई संकटानंतर नाणेनिधीतल्या अर्थतज्ज्ञांनी चलनसंकटाची जुनी मॉडेल्स घेऊन १९९७ वर लावून बघितली, एखादं थोडंफार कामाला आलं, बाकीची नुसत्या अंदाजपंचेपेक्षा फार पुढे गेली नाहीत.

भाच्याशी सगळ्यात जास्त वाद झाला तो एका वेगळ्याच गोष्टीवर, आणि तिथे मला त्याच्याकडून शिकायला मिळालं. काही देशांत रिव्हर्सल पुन्हा पुन्हा होतं. का? तो म्हणाला, मामा, मलेरियाचं बघ. एकाच घरात दरवर्षी ताप येतो, तर घराशेजारी डबकं आहे म्हणून येतो, की गेल्या वर्षीचा जंतू अंगातच लपून बसला होता म्हणून येतो? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. डबकं म्हणजे देशाचं काहीतरी कायमचं, जे आकड्यांत दिसत नाही, कमकुवत संस्था म्हणा, एकाच पिकावर किंवा खनिजावर अवलंबून असणं म्हणा. अंगातला जंतू म्हणजे गेल्या रिव्हर्सलनेच पुढच्याची वाट केली. उपाय वेगळा आहे, एकात डबकं बुजवायचं, दुसऱ्यात औषधाचा कोर्स पुरा करायचा. साधं प्रॉबिट दोन्ही एकत्र कालवतं. त्यासाठी मॉडेलमध्ये प्रत्येक देशाला स्वतःचा एक न दिसणारा घटक द्यावा लागतो, शिवाय गेल्या वर्षीचा धक्का या वर्षीपर्यंत रेंगाळतो याचीही सोय करावी लागते, आणि मग हिशोब इतका किचकट होतो की सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर हजारो वेळा फासे टाकून बघणं, केल्याशिवाय आकडा हाती लागत नाही. त्याचा लॅपटॉप गौरी जेवेपर्यंत घुंघुं करत होता. बायको म्हणाली त्या मशीनला पण नैवेद्य दाखवा.

त्यात आणखी एक गोम, तीन वर्षांच्या खिडक्या एकमेकींवर चढतात, त्यामुळे एकच रिव्हर्सल शेजारशेजारच्या दोन-तीन वर्षांत १ म्हणून मोजलं जाऊ शकतं, आणि मॉडेलला वाटतं अरे वा, एकदा झालं की लगेच पुन्हा होतं! म्हणून जाणकार शेजारची वर्षं गाळतात. ज्याने गाळली नाहीत त्याचा निष्कर्ष जरा जपूनच वाचा.

आणि रिव्हर्सलने वाढ खुंटते का, हा तर खरा पोटाचा प्रश्न. मिलेसी-फेरेट्टी आणि रझिन यांना सरासरीने तसं ठाम काही दिसलं नाही. एडवर्ड्स यांना दिसलं, त्यांचं म्हणणं गुंतवणूक मार खाते आणि वाढही. एकच जग, साधारण तीच वर्षं, उत्तरं दोन. सरासरीत निर्यात वाढवून सुधारलेला देश आणि वाण्याने वही बंद केलेला देश एकाच पोत्यात घातले की असंच होणार. श्रीलंकेचं बघा, १२ एप्रिल २०२२ ला बाहेरची कर्जं फेडणार नाही म्हणून जाहीर केलं, पेट्रोलच्या रांगांत दिवस गेले, आणि २०२३ ला चालू खातं चक्क शिलकीत, १९७७ नंतर पहिल्यांदा. नुसता रकाना बघणारा म्हणेल काय छान सुधारणा!

आज आपली गंगाजळी १९९१ शी तुलनाच नको इतकी आहे, २०२४ मध्ये ती ६०० अब्ज डॉलरच्या वर होती, सेवा निर्यात आणि परदेशातून येणारा पैसा भक्कम आहे, नुसत्या घरी पाठवलेल्या पैशांचा आकडा २०२२ साली १०० अब्ज डॉलर ओलांडून गेला. त्यामुळे घाबरा असं मी म्हणत नाहीये. अडीच टक्क्यांचा ठोकताळासुद्धा अगदीच टाकाऊ नाही. पण १९९० ला कोणी ३ टक्क्यांची तूट बघून काय म्हणालं असतं, आणि ऑस्ट्रेलिया कित्येक दशकं ४ टक्क्यांच्या आसपास तूट ठेवून कसा निवांत राहिला, हे दोन्ही त्याच ठोकताळ्यात बसवून दाखवा.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या वेळी लेखात मॉडेल असा शब्द आला की शेजारी चौकटीत चार ओळी द्या, की घटना कशाला म्हटलंय, पट्टी किती अंकांची, एक वर्षाची की तीन, आणि त्या पट्टीवर १९९१ बसतं की नाही. जागा फार लागणार नाही, राशिभविष्याच्या अर्ध्यात होईल.

भाच्याने जाताना माझ्या सांगण्यावरून भारताची पट्टी बदलून बघितली, देशाच्या स्वतःच्या चढउताराच्या मानाने. १९९१ समोर १ आला, २०१३ समोरही आला. पण त्याबरोबर इतर देशांत आणखी कितीतरी १ उगवले आणि ९४ ची अ‍ॅक्युरसी ८१ वर आली. गाइड काय म्हणतील या काळजीत आहे बिचारा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली (पूर्व)